खारीचे भात आणि वाढता समुद्र



पनवेल म्हटले की आज डोळ्यांपुढे येतात महामार्ग, उंच इमारती आणि विमानतळ. पण याच पनवेलला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र आहे. हवामानबदल हा शब्द आपण हल्ली वारंवार ऐकतो. त्याचा आपल्या बांधाशी काय संबंध, हे या केंद्राच्या कामावरून चांगले उमगते.

खार जमीन म्हणजे खाडीच्या भरतीपासून बांध घालून राखलेली जमीन. बांधात उघाडी असते. भरतीचे पाणी चढले म्हणजे तिची झडप बाहेरच्या दाबाने मिटते. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. युक्ती जुनी, पण पक्की.

आता मीठ कुठून येते? जमिनीखालचे पाणी खारट असते. उन्हाळ्यात ते दिव्याच्या वातीतल्या तेलासारखे वर चढते. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. पावसाळ्यात तेच मीठ धुऊन निघते. म्हणून सुरुवातीचे पावसाचे पाणी शेतात साठवून मग सोडून द्यावे, रोपे गोड्या जमिनीत वाढवावीत आणि ती थोडी जून झाल्यावर लावावीत. कोवळे रोप आणि फुलोऱ्यातले भात मिठाला लवकर बळी पडते.

आपल्या वाडवडिलांनी मिठाला दाद न देणारा राता भात जपला होता. दाणा तांबडा, उतारा कमी. पण खारीत टिकणारा. पुढे फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली आयआर ८ ही बुटकी, भरपूर पिकणारी जात दिली. पनवेलच्या संशोधकांनी तिचा भुरा राताशी संकर केला आणि पनवेल-१ ही जात निघाली. परदेशची विद्या आणि घरचे बियाणे यांची अशी सोयरीक जुळली. राता कुणी जपलाच नसता, तर संकर करायला काय उरले असते?

परंतु एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ही जात जमिनीतला खारेपणा सोसते. समुद्राचे पाणी नव्हे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. बांधाला खांड पडून ते शेतात शिरले, तर बियाणे कितीही चांगले असो, पीक गेलेच म्हणून समजा.

आणि समुद्र तर चढतो आहे. जगभरच्या शास्त्रज्ञांच्या हवामानविषयक मंडळाने २०२१ साली सांगितले, की १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत वाढली. २००६ नंतर तर ती वर्षाला ३.७ मिलिमीटर या वेगाने वाढत होती. आकडा लहान दिसतो. पण उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, की उघाडी मिटलेली राहते आणि आतले पाणी आतच तुंबते. समुद्र जितका उंच, तितका हा वेळ लांबतो.

बांधापुढची तिवरे लाटांचा जोर मोडतात, माती धरून ठेवतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिवरांच्या तोडीला मनाई केली. ती सरपणासाठी तोडणे म्हणजे आपल्याच बांधाचे कवच काढणे होय.

खरी अडचण निराळीच आहे. जमीन एकेकाची, पण बांध साऱ्यांचा. शेजाऱ्याने जमीन विकली किंवा पडीक टाकली, म्हणून त्याच्या वाट्याचा बांध खचू दिला, तर पाणी काही सातबारा पाहून थांबत नाही. तेव्हा भात कापून झाले की गावाने मिळून बांधावरून फेरी मारावी, खेकड्यांची बिळे बुजवावीत, उघाडीची झडप तपासावी. काम हाताबाहेरचे असेल, तर पावसाळ्याची वाट न पाहता खारभूमी खात्याकडे लेखी अर्ज करावा.

शिक्षकांनी मुलांकडून एक प्रयोग अवश्य करून घ्यावा. बुडाला भोक असलेल्या दोन कुंड्यांत खारीची माती भरा आणि त्या पाण्याच्या परातीत उन्हात ठेवा. एकीवर भाताचा पेंढा अंथरा, दुसरी उघडी ठेवा. काही दिवसांनी कोणत्या मातीवर पांढरे मीठ जास्त फुलते, ते मुलांनाच पाहू द्या. मग उन्हाळ्यात शेतावर पेंढा का पसरावा, हे ती घरी जाऊन सांगतील.