तणनाशकाचा थेंब आणि त्याभोवतीचे गैरसमज

वाल्डॉर्फ हे नाव भारतात एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीच्या मुख्यालयामुळे परिचित असले, तरी ऱ्हाइनच्या खोऱ्यातील ज्या रेताड पट्ट्यात हे गाव वसले आहे तो ॲस्परॅगसच्या, म्हणजे शतावरीच्या कुळातील कोंबभाजीच्या, लागवडीसाठी ओळखला जातो. हे गाव ज्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात आहे त्या राज्याने २०२० मध्ये कायदा करून रासायनिक कीडनाशकांचा वापर २०३० पर्यंत ४० ते ५० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट ठरवले, आणि तणनाशकेही त्यातच मोडतात. अशा उद्दिष्टाची चर्चा बहुधा औषधावर सरसकट बंदी की सरसकट मोकळीक एवढ्याच वादात अडकते. याच राज्यात स्टुटगार्टमधील होहेनहाइम विद्यापीठात तणशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या रोलांट गेर्हार्ड्स यांच्या संशोधनातील प्रश्न मात्र वेगळा आहे: औषध शेतात नेमके कोठे पडावे?

तण शेतभर सारखेच उगवते, म्हणून फवारणीही शेतभर सारखीच झाली पाहिजे, हा सर्वांत रुजलेला गैरसमज आहे. वास्तविक बहुतेक तणांचे बी मूळ झाडाच्या आसपासच गळते, हरळी व लव्हाळ्यासारखी बहुवर्षायू तणे जमिनीखालून पसरतात, आणि मातीत सुप्त राहिलेले बी त्याच जागी वर्षानुवर्षे उगवत राहते. त्यामुळे तणाचे ठिपके तयार होतात व मधला बराचसा भाग मोकळा राहतो. गेर्हार्ड्स आणि डॅनिश शास्त्रज्ञ स्वेन क्रिस्टेन्सन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅमेऱ्याने टिपलेल्या रोपांचा आकार संगणकाने ओळखून पीक व तण वेगळे केले, उपग्रहाधारित स्थाननिश्चितीच्या साहाय्याने तणांचा नकाशा तयार केला आणि त्या नकाशानुसार फवारणी केली. हिवाळी गहू व सातूमध्ये रुंद पानांच्या तणांवरील औषधात सुमारे ६० टक्के, तर गवतवर्गीय तणांवरील औषधात ९० टक्के बचत झाली. मात्र मक्यात रुंद पानांच्या तणांसाठी ही बचत अवघी ११ टक्के होती. यंत्रांच्या जाहिरातींत ९० हा आकडा शोभून दिसतो; शेतकऱ्याने हिशेब करताना ११ चा आकडाही समोर ठेवावा, कारण तण जेथे खरोखरच सर्वत्र पसरलेले असते तेथे कॅमेऱ्याला वगळण्यासारखी जागाच सापडत नाही.

थेंब जितका बारीक तितका परिणाम चांगला, हा समज कीटकनाशकांच्या सवयीतून आला असावा. बारीक थेंबांनी पान अधिक झाकले जाते हे खरे, परंतु सुमारे १५० मायक्रॉनपेक्षा लहान थेंब वाऱ्याबरोबर सहज वाहून जातात. म्हणून जर्मनीत ब्राउनश्वाइग येथील युलियुस क्यून संस्था औषध उडून जाणे किती कमी होते त्यानुसार नोझलांचे ५०, ७५, ९० व ९५ टक्के असे वर्ग ठरवते, आणि सेकंदाला ५ मीटरपेक्षा जास्त वारा असल्यास फवारणी करू नये असा तेथील नियमबद्ध व्यवहार आहे. महाराष्ट्रात पाठीवरच्या पंपाला कीटकनाशकासाठी लावलेले गोल तुषाराचे नोझलच अनेकदा तणनाशकासाठीही वापरले जाते, वस्तुतः त्यासाठी चपट्या पंख्यासारखा तुषार देणारे नोझल योग्य असते. २,४-डी या तणनाशकाला कापूस इतका संवेदनशील आहे की शेजारच्या शेतातून उडून आलेल्या किंवा न धुतलेल्या पंपात राहिलेल्या अंशानेही त्याची पाने वेडीवाकडी होतात. अशा वेळी शेतकरी दोष बियाण्याला किंवा रोगाला देतो, पंपाकडे त्याचे लक्ष जात नाही.

‘तण औषधाला सरावले’ हे वाक्य गावोगाव ऐकू येते, पण एकटे रोप आपल्या आयुष्यात सरावत नाही. लाखो रोपांत काही मोजकी रोपे जन्मतःच औषध सोसणारी असतात. तेच औषध दरवर्षी मारल्यास बाकीची मरतात व यांचेच बी उरते. हरियाणा-पंजाबच्या गव्हात गुल्लीदंडा हे तण आयसोप्रोट्युरॉनला १९९० च्या दशकाच्या आरंभी याच प्रक्रियेने दाद देईनासे झाले, आणि जर्मनीत कोल्ह्याच्या शेपटीसारखी कणसे येणाऱ्या एका गवताने अनेक औषधांबाबत तेच केले. अशा ठिकाणी मात्रा वाढवल्याने उपाय होत नाही. औषधाची क्रिया बदलणे, पिकांची फेरपालट करणे व कोळपणीकडे परतणे यांचाच उपयोग होतो. कॅमेऱ्याने ओळ ओळखून चालणारे आधुनिक कोळपे हा होहेनहाइममधील संशोधनाचाही विषय आहे.

सर्वच तणनाशके जमिनीत सारखीच वागतात, हाही भ्रम आहे. ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट चिकटते, त्यामुळे ते फक्त हिरव्या पानातून काम करते आणि गढूळ पाण्यात मिसळल्यास बरेचसे निकामी होते. ॲट्राझिन मात्र पाण्याबरोबर खाली झिरपते. जर्मनीने १९९१ मध्ये त्यावर बंदी घातली, तरी त्याच्या विघटनातून बनणारे घटक आजही तेथील भूजलात आढळतात, कारण भूजलात प्रकाश नसतो, सूक्ष्मजीवही विरळ असतात आणि विघटन अतिशय मंदावते. ऱ्हाइनच्या खोऱ्यातील रेताड जमिनीला झिरपण्याचा हा धोका विशेष लागू पडतो; महाराष्ट्रात ऊस व मक्यात ॲट्राझिनचा वापर अद्याप होतो, तेव्हा विहिरीच्या काठच्या हलक्या जमिनीबाबत हाच विचार व्हायला हवा.

नोकरीनिमित्त वाल्डॉर्फ परिसरात घर घेतलेल्या भारतीय कुटुंबांना फरसबंद अंगणातल्या फटींतील गवताचा प्रश्न पडतो आणि व्हिनेगर व मीठ हे घरगुती म्हणून निरुपद्रवी वाटते. जर्मन कायद्यानुसार अशा पक्क्या पृष्ठभागावर परवानगीशिवाय तणनाशक मारता येत नाही, कारण तेथून पावसाचे पाणी औषध मातीत मुरू न देता थेट गटारात व ओढ्यात नेते. व्हिनेगर-मिठाचा तणनाशक म्हणून वापरही तेथील वनस्पतिसंरक्षण यंत्रणा अवैधच मानतात. ताठ तारांचा ब्रश, उकळते पाणी किंवा गॅसच्या ज्योतीचे साधन यांना मात्र तेथे मुभा आहे.