घरच्या गिऱ्हाइकाचा भाव

नरडाण्याच्या एमआयडीसीत एक कारखाना आहे, असं धरा. मालाला खर्च ८० रुपये, बाजारभाव १०० रुपये. तोच माल त्याने परदेशातल्या आपल्याच कंपनीला ८२ रुपयांना दिला, तर इथे नफा दिसेल २ रुपये. उरलेले १८ रुपये कमी कराच्या देशात जमा होतील.

ही पळवाट रोखायला २००१ मध्ये प्राप्तिकर कायद्यात नवे नियम आले. परक्या गिऱ्हाइकाला जो भाव लावला असता, तोच आपल्या कंपनीलाही लावायचा. तो रास्त असल्याचे पुरावे ठेवायचे आणि सीएचा अहवाल द्यायचा. जळगावच्या जैन इरिगेशनने २००७ मध्ये इस्रायलच्या नानदान कंपनीत निम्मा वाटा घेतला. असा विस्तार केला की हा हिशेब आलाच.

मात्र, या नियमांनाही हद्द आहे. व्होडाफोनच्या भारतीय कंपनीने मॉरिशसमधल्या मूळ कंपनीला शेअर स्वस्तात दिले, असं प्राप्तिकर खात्याचं म्हणणं होतं. शेअर देऊन आलेलं भांडवल हे उत्पन्नच नव्हे, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. सरकारनेही पुढे अपील केलं नाही.