८० अंशांवर अडणारा बोर्ड

संपादकांचा प्रश्न सरळ होता. महाड तालुक्यातल्या तळीयेसारख्या गावात, एसी नसलेल्या खोलीत, तळहाताएवढा संगणक बारा महिने चोवीस तास विज्ञानाची गणितं करत ठेवता येईल का? प्रश्न संगणकाचा वाटतो, पण निम्मं उत्तर छप्पर, वीज आणि पाऊस देतात.

इतिहास थोडक्यात सांगतो. आपल्या संगणकाचा रिकामा वेळ परक्याच्या संशोधनाला द्यायचा, ही कल्पना १९९९च्या मे महिन्यात परग्रहांवरचे संकेत शोधणाऱ्या ‘सेटी ॲट होम’ने घरोघरी नेली. त्यामागचे डेव्हिड अँडरसन यांनी पुढे कोणत्याही प्रकल्पाला वापरता येईल असं ‘बॉइंक’ हे सॉफ्टवेअर उभं केलं. सेटीने २०२०च्या मार्चअखेर कामं वाटणं थांबवलं, पण २००५ साली सुरू झालेलं ‘आइन्स्टाइन ॲट होम’ चालूच राहिलं. २०१० साली अरेसिबो दुर्बिणीच्या जुन्या नोंदींतून त्याच्या स्वयंसेवकांच्या संगणकांनी एक नवा पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ स्पंद पाठवणारा तारा, हुडकला. त्या स्वयंसेवकांत अमेरिकेतलं एक जोडपं होतं आणि जर्मनीतला एक गृहस्थ.

‘आइन्स्टाइन ॲट होम’ गुरुत्वीय लहरीही शोधतं, आणि त्या कामाचं नातं पुण्याशीही आहे. गोंगाटात दडलेली गुरुत्वीय लहर संभाव्य नमुन्यांशी ताडून शोधायची, या पद्धतीवर पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतल्या संजीव धुरंधर यांनी पायाभूत काम केलं. नमुने असंख्य, म्हणून गणित अफाट. पुष्कळ छोट्या चिप एकत्र जुंपून मोठं काम उरकायची युक्तीही पुण्याला नवी नाही. सी-डॅकचा १९९१चा ‘परम ८०००’ ट्रान्सप्युटर चिप जोडूनच तयार झाला होता.

आता बोर्ड. रास्पबेरी पाय ४ हा ८५ बाय ५६ मिलिमीटरचा. त्यावर चार कोअर, मूळ वेग १.५ गिगाहर्ट्‌झ. पाय ५चा वेग २.४ गिगाहर्ट्‌झ, काम कितीतरी जास्त, पण त्यासाठी ५ अँपियरचा ॲडॉप्टर सुचवलेला आहे आणि पूर्ण भाराखाली पंखा जवळपास अटळ. ओड्रॉइड एन२ हा तिसरा पर्याय. त्याच्या खाली बोर्डाएवढाच ॲल्युमिनियमचा हीटसिंक येतो. निवड करणारे लोक वेगाचे आकडे आधी बघतात. त्याआधी मेमरी बघावी. चार कोअरवर चार कामं एकदम चालतात आणि प्रत्येक आपापली मेमरी मागतं. १ जीबीच्या बोर्डावर दोन कामं चालतात आणि बाकीची नुसती ताटकळतात.

मला गुंतवून ठेवलं ते या बोर्डाच्या एका हट्टाने. पाय ४ची चिप ८० अंश सेल्सियसला पोचली की ती आपणहून वेग कमी करू लागते. ८५ला आणखी करकचून ब्रेक लागतो. आंबेनळी घाट चढताना एसटीचा ड्रायव्हर जसा गिअर उतरवतो, तसं हे चालतं. गाडी थांबत नाही, पण पोचायला उशीर होतो. मालकाला काही कळतही नाही. पडद्यावर काम चालू दिसतं, फक्त पाच तासांचं काम सात-आठ तास घेतं.

यातलं गणित साधं आहे. चिप खोलीपेक्षा किती अंश वर जाणार, हे ती किती वॅट खाते आणि ती उष्णता हवेत किती सहज सुटते यावर ठरतं. हा फरक बराचसा कायम राहतो. चांगल्या धातूच्या डबीत, पंख्याशिवाय, पूर्ण भाराखाली हा फरक ३५ अंश धरला, तर २५ अंशांच्या खोलीत चिप ६०वर राहील आणि ४०च्या खोलीत ७५वर जाईल. उघड्या बोर्डाला तर २५ अंशांच्या खोलीतही ८० गाठायला वेळ लागत नाही. आणि आपल्या रायगड जिल्ह्यात उन्हाळा काय करू शकतो? मार्च २०१७मध्ये भिरा केंद्रावर ४६.५ अंशांची नोंद झाली होती. पत्र्याखालची खोली दुपारी बाहेरच्या हवेलाही मागे टाकते.

उपाय आहेत, आणि सगळ्यात स्वस्त उपाय सेटिंगमध्येच दडलेला आहे. चिपची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही. म्हणून वेग १.५वरून १.२ केला आणि व्होल्टेजही खाली आणलं, तर काम पाचव्या हिश्श्याने घटतं, उष्णता त्याहून बरीच जास्त घटते. बॉइंकमध्ये ‘प्रोसेसरचा इतके टक्के वेळ’ असाही पर्याय असतो. त्यात काम सारखं सुरू-बंद होतं आणि तापमान वर-खाली उड्या मारतं. त्यापेक्षा चारऐवजी तीन कोअर द्यावेत. डबी उभी ठेवावी, म्हणजे तिच्या पात्यांमधली गरम हवा सरळ वर निघते. पंखा बसवला तर तापमान झपाट्याने उतरतं, पण तो लाल धूळही ओढतो आणि पावसाळ्यात दिव्याभोवतीचे किडेही. कोकणात मी धातूच्या डबीला मत देईन, आणि एप्रिल-मेच्या दुपारी काम बंद ठेवायला सांगेन. बॉइंकमध्ये वेळा नेमून देता येतात.

विजेचं बिल हा अडसर नाही. पूर्ण भाराखाली साडेसहा वॅट धरले तर महिन्याला पाच युनिटही लागत नाहीत. खरी कटकट वीज येण्या-जाण्याची. बोर्ड चालू असतो तोवर स्वतःच्या ऊबेनेच कोरडा राहतो. आषाढात दोन दिवस वीज गेली की तो थंड पडतो आणि ओल धरतो. अचानक बंद पडताना मेमरी कार्डावरचं लिखाण अर्धवट राहतं आणि कार्ड बिघडतं. म्हणून कामाची नोंद मिनिटागणिक करण्याऐवजी दहा मिनिटांनी करायला सांगावं, आणि छोटा बॅकअप लावावा. बारीक, लांब वायरही घात करते. व्होल्टेज ४.६३च्या खाली घसरलं की बोर्ड थंड असूनही वेग तोडतो, आणि माणूस उगाच हीटसिंक बदलत बसतो. शिवाय प्रत्येक कामाला मुदत असते आणि उत्तर दुसऱ्या कोणाच्या संगणकाशी ताडून मगच स्वीकारलं जातं. आठवडाभर नेटवर्क नसेल तर बरोबर उत्तरही वाया जाऊ शकतं.

इथे तळीयेचं नाव नुसतं पत्त्यापुरतं राहत नाही. २२ जुलै २०२१ला डोंगर वाडीवर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. सावित्री नदीच्या पुराने महाड बुडालं, रस्ते तुटले, मदत उशिरा पोचली. २००५च्या जुलैत जुई आणि दासगाव या गावांनी हेच भोगलं होतं. अशा गावातला माणूस विचारणारच की, दान द्यायचंच तर पावसाच्या अभ्यासाला का नको? असा प्रकल्प आहे, ऑक्सफर्डचा ‘क्लायमेटप्रेडिक्शन’. पण त्याची हवामानाची मॉडेल्स इंटेल-एएमडी जातीच्या प्रोसेसरसाठी बांधलेली, त्यातली काही एका कामाला कित्येक जीबी मेमरी मागणारी. आपला बोर्ड एआरएम जातीचा. त्याच्या वाट्याला पल्सार येतात.

पल्सार शोधणं वाईट नाही. पण तळीयेत नवा बोर्ड फक्त त्यासाठी विकत घेऊ नये, असं माझं मत झालं. शाळेत किंवा घरी आधीच पडून असेल तर पावसाळा ओसरल्यापासून फेब्रुवारीपर्यंत तीन कोअरवर खुशाल चालवावा. मुलांना त्यातून उष्णता, वीज आणि संभाव्यता शिकता येईल. विकतच घ्यायचा तर त्याला पर्जन्यमापक आणि जमिनीतल्या ओलाव्याचा सेन्सर जोडावा. त्या कामात चिप जवळपास रिकामीच असते, थंडाव्याचा प्रश्नच येत नाही. केरळात मुन्नारला अमृता विद्यापीठाने २००९पासून उतारात पुरलेल्या सेन्सरांचं जाळं चालवून दाखवलं आहे. मात्र तिथे संस्था होती, माणसं होती, देखभालीचा पैसा होता. एका बोर्डाच्या आकड्यावरून वाडी रिकामी करायला कोणी सांगू नये. ज्या रात्री तो आकडा हवा असतो, त्याच रात्री वीज नसते, टॉवर बंद असतो आणि सोलर पॅनेलवर आठवडाभर ऊन पडलेलं नसतं. त्यामुळे असा खर्च करणाऱ्या ग्रामपंचायतीने बॅटरी किती दिवस पुरेल ते आधी विचारावं, आणि बोर्ड कोणता ते त्यानंतर.