पाटी बदलली की विद्यापीठ होते काय?

शाळेचे वर्ग वाढले, इमारत वाढली, की शाळा मोठी झाली असे आपण म्हणतो. त्याच न्यायाने कॉलेज फार मोठे झाले, की एक दिवस पाटी बदलून त्याचे विद्यापीठ होत असावे, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. कॉलेज सरकारी हुकमाने निघते. विद्यापीठाला कायदाच लागतो. हे कसे घडते आणि कापूस पिकविणाऱ्या यवतमाळ जिल्ह्याचा त्याच्याशी संबंध काय, एवढेच आम्हाला येथे सांगावयाचे आहे.

आपल्या भागातले जुने शेतकी कॉलेज नागपूरचे. ते 1906 साली निघाले. नागपूर विद्यापीठ स्थापन झाले 1923 साली. कॉलेज सरकारच्या शेतकी खात्याचे, पदवी मात्र विद्यापीठाची, अशी ती व्यवस्था होती. प्रयोगाची शेतेही खात्याकडे आणि शेतकऱ्याला सल्ला देणारे नोकर त्याच खात्याच्या वेगळ्या शाखेत. म्हणजे शिकविणारा एकीकडे, शोध लावणारा दुसरीकडे, परीक्षा घेणारा तिसरीकडे. दारव्ह्याच्या शेतकऱ्याने ‘माझ्या कपाशीची पात्या-बोंडे का गळतात?’ असे विचारले, तर तो प्रश्न प्रयोगशाळेपर्यंत पोचावा कसा?

ही अडचण एकट्या आपलीच नव्हती. अमेरिकेने 1862 साली कायदा करून प्रत्येक राज्याला जमीन दिली आणि तिच्या उत्पन्नावर शेती व यंत्रविद्या शिकविणारी कॉलेजे उभी केली. पुढे तेथे शिक्षण, संशोधन आणि विस्तार, म्हणजे ज्ञान शेतकऱ्यापर्यंत नेण्याचे काम, ही तिन्ही एका छपराखाली आली. आपल्याकडे राधाकृष्णन आयोगाने 1949 साली ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली, आणि 1960 साली पंतनगरला देशातले पहिले कृषी विद्यापीठ सुरू झाले.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कृषी विद्यापीठाचा कायदा केला 1967 साली. पुढल्या वर्षी विद्यापीठ राहुरीला निघाले. विदर्भाला ते रुचले नाही. कापसाच्या मुलुखाला आपले विद्यापीठ अकोल्यास हवे होते. आंदोलन पेटले, त्यात तरुणांचे बळी गेले. अखेर 20 ऑक्टोबर 1969 रोजी अकोल्याला पंजाबराव कृषी विद्यापीठ स्थापन झाले. ज्यांचे नाव त्याला दिले ते डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. 1952 ते 1962 या काळात ते केंद्रात कृषिमंत्री होते. त्या वेळचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक तर आपल्याच पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. पुढे 1972 साली परभणी आणि दापोली येथेही कृषी विद्यापीठे झाली. 1983 साली या चारही विद्यापीठांसाठी एकच नवा कायदा आला.

आता असा कायदा करतो काय, ते पाहू. पहिली गोष्ट, तो एक नवी ‘व्यक्ती’ निर्माण करतो. विद्यापीठ स्वतःच्या नावाने जमीन धारण करू शकते, करार करू शकते, कोर्टात उभे राहू शकते. दुसरी, तो पदवी देण्याचा अधिकार देतो. 1956 च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याप्रमाणे हा अधिकार वाटेल त्या संस्थेला घेता येत नाही. तिसरी, खात्याची कॉलेजे, शेते, संशोधन केंद्रे आणि तेथील नोकर विद्यापीठाकडे सोपविले जातात. चौथी, कारभाराची घडी बसते: राज्यपाल कुलपती, कृषिमंत्री प्रतिकुलपती, रोजच्या कामाला कुलगुरू, आणि निर्णयाला कार्यकारी परिषद व विद्या परिषद.

याचे फळ आपल्या दारात आहे. यवतमाळला या विद्यापीठाचे विभागीय संशोधन केंद्र आहे, कृषी जैवतंत्रज्ञानाचे महाविद्यालय आहे. अकोल्याच्या शास्त्रज्ञांनी काढलेले कपाशीचे संकरित वाण आपल्या काळ्या जमिनीत पिकले. शोध लावणारा आणि शिकविणारा एक झाल्याचा हा लाभ होय.

परंतु तिसरा पाय लंगडा राहिला, हे कबूल केले पाहिजे. विद्यापीठाकडे आले ते मुख्यतः विस्तारशिक्षण: प्रशिक्षण, प्रात्यक्षिके, मेळावे. गावोगाव फिरणारा नोकरवर्ग मात्र राज्याच्या कृषी खात्याकडेच राहिला. या दोहोंमध्ये जी फट आहे, तीत दुकानदार उभा असतो. कोणते औषध, किती पाण्यात, हे पुष्कळ शेतकरी त्यालाच विचारतात. 2017 च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. तोंडाला फडके बांधावे, वाऱ्याच्या दिशेने फवारावे, दोन-तीन औषधे एकत्र कालवू नयेत, हे ज्ञान विद्यापीठात नव्हते असे कोण म्हणेल? ते पंपापर्यंत पोचले नाही.

तात्पर्य, कायदा विद्यापीठाला जमीन देतो, अधिकार देतो, नाव देतो. पण शेतकऱ्याच्या बांधावर जाण्याची ओढ काही कलमाने लागत नाही. ती विद्यापीठाने ठेवावी आणि ठेवली की नाही हे आपण नागरिकांनी विचारीत राहावे. आपल्या तरुणांनी ज्यासाठी जीव दिला, त्याचा हिशेब मागण्याचा हक्क आपलाच आहे.