आजीवन व्हिसा मिळतो, घर मिळते का?

परदेशात वाढलेली आंबेडकरी समाजाची दुसरी पिढी आता भारतात परतू लागली आहे. आईवडील शिक्षणाच्या, नोकरीच्या निमित्ताने इंग्लंड-अमेरिकेला गेले आणि तिथेच स्थिरावले. मुले तिथे जन्मली, तिथल्या शाळांत शिकली, तिथलीच नागरिक झाली. त्यांतली काही नोकरीसाठी, काही धम्मकार्यासाठी, तर काही थकलेल्या आजी-आजोबांसाठी पुणे, मुंबई, नागपूर गाठतात. २००५ पासून भारत सरकार अशांना 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' म्हणजे ओसीआय कार्ड देते. मतदानाचा हक्क नसला तरी आजीवन व्हिसा मिळतो. फ्लॅट वा दुकानाचा गाळा विकत घेता येतो. विमानतळाचे दार उघडते. प्रश्न आहे तो पुढच्या दाराचा. मालकाच्या आणि हाउसिंग सोसायटीच्या दारावर कोणता व्हिसा लागतो?

हा प्रश्न आपल्या समाजाला शंभर वर्षांहून जुना आहे. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडनचे शिक्षण घेऊन १९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी गेले. परदेशातील वास्तव्यात अस्पृश्यतेची जाणीव पुसली गेली होती. बडोद्याच्या स्टेशनवर ती पुन्हा जागी झाली. राहायचे कुठे? हिंदू हॉटेलात प्रवेश नव्हता. शेवटी पारशी नाव घेऊन, दिवसाला दीड रुपया देऊन एका पारशी खानावळीच्या वरच्या मजल्यावर ते राहिले. अकराव्या दिवशी दहा-बारा पारशी लाठ्या घेऊन आले. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे कबूल करावे लागले. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडे विचारून झाले. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. उरलेला वेळ सार्वजनिक बागेत काढून रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात बाबासाहेबांनी हे सारे लिहून ठेवले आहे. जागतिक कीर्तीच्या विद्यापीठाची पदवी होती, महाराजांची नोकरी होती, खिशात पैसे होते. नव्हते ते फक्त 'योग्य' नाव.

आज लाठ्या घेऊन कोणी येत नाही. आज प्रश्न विचारले जातात. फोनवर दलाल अतिशय गोड बोलतो. पूर्ण नाव काय? मूळ गाव कोणते? व्हेज की नॉनव्हेज? घरी कोणते सण करता? एकाही प्रश्नात जातीचे नाव नाही, पण चार उत्तरे मिळाली की जात हाती लागते. माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेली, इंग्लंडमध्ये जन्मलेली एक तरुणी हेच सांगत होती. तिकडे 'आम्ही बुद्धिस्ट' म्हटले की लोक आदराने ध्यानधारणेविषयी विचारत. पुण्यात फ्लॅट भाड्याने घेताना तिने तेच उत्तर त्याच अभिमानाने दिले. मालकीणबाईंचा पुढचा प्रश्न होता, "म्हणजे तुम्ही पहिल्यापासून बौद्ध, की ते नंतरचे?" दुसऱ्या दिवशी फ्लॅट 'पाहुण्यांसाठी ठेवला' असे कळले. त्यानंतर दलालाने तिला मोठ्या आपुलकीने सल्ला दिला, "मॅडम, पुढच्या वेळी नुसतं लंडनहून आलो एवढंच सांगा."

हा आपुलकीचा सल्ला बडोद्याच्या पारशी नावाचीच आवृत्ती आहे. त्या वेळी बाबासाहेबांपुढे दुसरा मार्ग नव्हता. आपल्यापुढे आहे का, हा आजचा खरा सवाल आहे.

ही कुणा एकीची तक्रार नव्हे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांच्या बाजाराचा अभ्यास केला. तो २०१५ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. सवर्ण, दलित आणि मुस्लिम अशा ओळखींनी घरमालकांशी संपर्क साधण्यात आला. दलितांना आणि त्याहून अधिक मुस्लिमांना नकार मिळाला. काहींना होकार मिळाला तो जादा भाड्याच्या, जादा अटींच्या बोलीवर. शहरात जात उरली नाही म्हणणाऱ्यांनी कधीतरी आडनाव बदलून घर शोधून पाहावे!

मग कायदा काय करतो? परदेशात वाढलेल्या आपल्या मुलांचा समज असा की भेदभाव झाला की तक्रार करायची आणि न्याय मिळवायचा. अमेरिकेतील सिएटल शहराने २०२३ साली जातीवरून भेदभाव करण्यास मनाई केली आणि त्यात घरांचाही समावेश केला. ज्या देशात जात जन्मली, त्या देशात खासगी घरांच्या व्यवहारातील भेदभावाला सरसकट बंदी करणारा स्वतंत्र कायदा नाही. उलट २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व फक्त पारशांपुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य हा त्याचा एक आधार होता. बडोद्याची खानावळ आणि अहमदाबादची सोसायटी यांत ८८ वर्षांचे अंतर आहे! पारशी समाजाशी आपले भांडण नाही. तो संख्येने मूठभर आहे आणि स्वतःची वसाहत टिकवण्याची त्याची चिंता समजण्यासारखी आहे. पण मूठभरांसाठी उघडलेल्या या वाटेने उद्या बहुसंख्याकही चालू लागतील, हे कुणी लक्षात घ्यायचे? 'फक्त शाकाहारी' ही पाटी त्याच वाटेवरची आहे.

तरीही आपण निःशस्त्र नाही. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आठवा. त्याच्या कलम ४ नुसार, कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, मिळवणे वा वापरणे याबाबत अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी आणणे हा गुन्हा आहे. कलमातील शब्द 'कोणतीही व्यक्ती' असा आहे, 'नागरिक' असा नाही. म्हणून परदेशी पासपोर्टधारकालाही तो लागू होतो. पीडित अनुसूचित जातीचा असेल तर कलम १२ प्रमाणे, उलट सिद्ध होईपर्यंत ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालयाने गृहीत धरायचे असते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या आदेशात स्थान मिळाले. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा गुन्हा ठरवला. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा केला. १९६० च्या सहकारी संस्था कायद्यानुसार पुरेशा कारणाशिवाय पात्र व्यक्तीला सभासदत्व नाकारता येत नाही. नाकारले तर निबंधकाकडे अपील आहे.

कायदे आहेत, तक्रारी नाहीत. कारण नकार तोंडी असतो, गोड असतो आणि पुरावा सोडत नाही. म्हणून परतणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या फोनपासून पुरावा जपावा. दलालाचे व्हॉट्सॲप संदेश पुसू नयेत. मालकाला शक्यतो लेखी विचारावे. फोन कुणी, किती वाजता केला, काय बोलले, हे वहीत टिपावे. सोसायटीकडे अर्ज द्यायचा तो पोच घेऊनच. हस्तांतरणासाठी 'देणगी' मागितली तर लक्षात ठेवावे की राज्य सरकारच्या परिपत्रकाने हस्तांतरण शुल्काला २५ हजार रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ही जबाबदारी मालकावर टाकली आहे. नव्या इमारतीत घर घेताना महारेराचा नोंदणी क्रमांक तपासल्याशिवाय बयाणा देऊ नये.

आता गावाकडच्या घराविषयी. परदेशातल्या आपल्या अनेक कुटुंबांत एक स्वप्न जपलेले असते, आजोबांच्या गावी जमीन घेऊन छोटेसे घर बांधायचे. इथे भावनेपेक्षा कागद मोठा आहे. परदेशस्थ भारतीय नागरिकाला वा ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. मात्र वारसाहक्काने शेतजमीन मिळू शकते. भारतीय नागरिक असला तरी महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यावर कूळकायद्याचे बंधन आहेच. 'फार्महाउस प्लॉट' म्हणून परदेशस्थांना रंगीत पत्रके दाखवणाऱ्यांपासून सावध राहावे.

आणि वारसाने येणारी जमीन तरी कोणती? पुष्कळांची ती महार वतनाची. हे वतन म्हणजे गुलामीची साखळी आहे, हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडले होते. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली आणि जमिनी पूर्वीच्या वतनदारांना शर्तीवर परत मिळाल्या. परवानगीशिवाय हस्तांतर नाही, ही त्यातली मुख्य शर्त. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' लिहिलेले असेल तर त्या जमिनीचा परस्पर सौदा करता येत नाही. दोन पिढ्या परदेशात असलेल्या घरांत वारसनोंदीच झालेल्या नसतात. आजोबा गेले, वडील गेले, सातबारा पणजोबांच्याच नावावर! म्हणून घराचा नकाशा काढण्याआधी तलाठ्याकडून सातबारा आणि फेरफाराचे उतारे काढावेत, वारसनोंद करून घ्यावी. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवावा; कुटुंबाची मुळे सांगणारा तो एकमेव कागद असू शकतो.

गावाची भूलही पडू देऊ नये. गावगाडा म्हणजे आदर्श प्रजासत्ताक, हा समज बाबासाहेबांनी १९४८ साली संविधान सभेत खोडून काढला होता. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो स्वागतार्हच. पण नाव बदलले तरी वस्ती गावाच्या त्याच टोकाला आहे.

शहरातही एक पेच उरतोच. आपल्या वस्तीत राहावे की मिश्र सोसायटीत? आपल्या वस्तीत विहार आहे, चौदा एप्रिल आहे, रात्री-अपरात्री हाकेला धावणारी माणसे आहेत. परदेशात एकाकी वाढलेल्या मुलांना ही माया हवीहवीशी वाटते. पण तिथे पाणी, गटार, शाळा यांचे हाल आहेत, कारण नगरपालिकेच्या नकाशावर आपली वस्ती नेहमी शेवटी येते. मिश्र सोसायटीत सोयी आहेत, पण अनेक घरांत बाबासाहेबांचा फोटो हॉलमधून बेडरूममध्ये जातो, आणि नावातले आडनाव आखडते.

बाबासाहेबांनी दोन्ही मार्गांचा विचार केला होता. १९४२ साली नागपूरच्या परिषदेत दलितांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी पुढे आली, कारण गावात राहून सवर्णांच्या मेहेरबानीवर जगणे त्यांना मान्य नव्हते. आणि त्याआधी, परळच्या चाळीत दीर्घकाळ राहिलेल्या बाबासाहेबांनी स्वतःचे घर बांधले ते दादरच्या हिंदू कॉलनीत. त्या घराला नाव दिले 'राजगृह'. ज्यांना भाड्याची खोली नाकारली गेली, त्यांनी सवर्णांच्या वसाहतीत बौद्ध इतिहासातले नाव दारावर कोरून ग्रंथांसाठी घर उभारले. लपून नव्हे, नाव सांगून! जुलै २०२० मध्ये त्याच राजगृहाच्या आवारात समाजकंटकांनी तोडफोड केली. नाव सांगून राहण्याची किंमत असते, हे त्यातून दिसले. पण राजगृह उभे आहे.

म्हणून परतणाऱ्या आपल्या मुलामुलींना माझे सांगणे एवढेच. वस्ती कोणतीही निवडा, पण ज्या घरात नाव लपवावे लागेल ते घर निवडू नका. आधी सहा महिने, वर्षभर भाड्याने राहा. शेजार, पाणी, सोसायटीच्या सभा पाहा. बाबासाहेबांचा आणि तथागतांचा फोटो पहिल्याच दिवशी दर्शनी भिंतीवर लावा. शेजाऱ्यांचा खरा चेहरा त्या दिवशीच कळेल. लाखो रुपये गुंतवल्यानंतर कळण्यापेक्षा ते बरे.

आणि जे इथेच आहेत, त्या समाजबांधवांचेही काही कर्तव्य आहे. शहरात ज्यांचे स्वतःचे फ्लॅट आहेत, त्यांनी ते भाड्याने देताना दलालाच्या 'चांगली फॅमिली' या शब्दाला बळी पडू नये. मुस्लिम असो, भटका-विमुक्त असो, एकटी राहणारी स्त्री असो, जो नकार आपल्याला टोचतो तो आपण दुसऱ्याला देता कामा नये. आपल्या वकिलांनी प्रत्येक शहरात अशा तक्रारी मोफत नोंदवून घ्याव्यात. दहा ठिकाणी गुन्हे नोंदले गेले की दलालांचे प्रश्न आपोआप कमी होतील. आणि घर विकताना, भाड्याने देताना जात-धर्मावरून होणारा भेदभाव स्पष्ट शब्दांत दंडनीय ठरवणारा, सहकारी संस्थांच्या उपविधींनाही लागू होणारा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने करावा, ही मागणी आपल्या प्रत्येक आमदाराच्या दारात नेऊन ठेवली पाहिजे. २००५ च्या निकालाला विधिमंडळाच्या कायद्यानेच उत्तर देता येते.

१९१७ साली बागेत बसलेल्या एका विद्वानाला या देशाने छप्पर दिले नाही. त्याच विद्वानाने पुढे या देशाला संविधान दिले. त्या संविधानाच्या राज्यात त्याच्या लेकरांनी खोटे नाव सांगून घरात शिरायचे नाही.

जयभीम!