कॅमेऱ्याच्या मापाची पिशवी

कॅमेरा घ्यायचा म्हटलं की माणूस सहा महिने चौकशा करतो. जाणकारांना विचारतो, दुकानं पालथी घालतो, घरात दोन-तीनदा विषय काढून बघतो. आणि एकदाचा कॅमेरा हाती आला, की त्याच्या पिशवीचा निर्णय मात्र पाच मिनिटांत होतो. दुकानदार वर टांगलेली एक काळी पिशवी आकड्यानं काढतो, "साहेब, यात सगळं बसेल," म्हणतो आणि आपण ती खांद्याला लावून घरी येतो. 'सगळं बसेल' हेच त्या पिशवीचं दुखणं असतं, ते पुढे काही महिन्यांनी कळतं.

आज मी बोलणार आहे ते एका विशिष्ट जातीच्या कॅमेऱ्याच्या पिशवीबद्दल. रेंजफाइंडर कॅमेरा. नेहमीच्या एसएलआर कॅमेऱ्यात आपण लेन्समधूनच बघतो. आत एक तिरका आरसा असतो, तो समोरचं चित्र डोळ्यापर्यंत पोचवतो. रेंजफाइंडरमध्ये हा आरसाच नाही. वरच्या कोपऱ्यात एक वेगळी खिडकी असते, तिच्यातून बघायचं. खिडकीच्या मधोमध एक फिकट चौकोन दिसतो आणि त्यात समोरच्या माणसाची दुसरी, थोडी बाजूला सरकलेली प्रतिमा असते. लेन्सची कडी फिरवली की ती सरकते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या, की फोकस झाला. जर्मनीच्या लायका कंपनीनं १९५४ साली काढलेला एम-३ हा या जातीतला मानदंड समजला जातो आणि त्या घराण्यातले कॅमेरे आजही निघतात, फिल्मचे आणि डिजिटलही. जपानचा याशिका इलेक्ट्रो ३५ हा १९६६चा कॅमेरा आपल्याकडच्या काही घरांत अजून वडिलांच्या कपाटात सापडतो. फिल्मकडे परत वळलेली तरुण मंडळी तो पुसूनपासून पुन्हा वापरायला काढतात. त्यांनाही हे सगळं लागू आहे.

आरसा नसल्यामुळे दोन गोष्टी होतात. एक म्हणजे कॅमेरा सडपातळ होतो. लेन्स जिथे बसते तिथपासून फिल्मपर्यंतचं अंतर निकॉनच्या एसएलआरमध्ये ४६.५ मिलिमीटर असतं. लायकाच्या एम कॅमेऱ्यात ते अवघं २७.८ मिलिमीटर आहे. लेन्सही लहान. ५० मिलिमीटरची एफ-२ लेन्स साडेचार सेंटिमीटरच्या आत लांब आणि वजनाला पाव किलोच्या आसपास. कॅमेऱ्याची अंगलट १४ सेंटिमीटर रुंद, ८ उंच, जाडी साडेतीनच्या आसपास. एक कॅमेरा, दोन लेन्स, दोन-तीन रोल असा संसार सव्वा किलोच्या आत आटोपतो.

आता हा संसार एसएलआरच्या पिशवीत ठेवून बघा. ती पिशवी शिवलेली असते फुगीर कॅमेऱ्यासाठी आणि वीतभर लांबीच्या झूम लेन्ससाठी. तिच्यात हा लहान कॅमेरा विहिरीच्या तळाशी गेलेल्या बादलीसारखा जाऊन बसतो. काढायचा तर कोपरापर्यंत हात घालून चाचपावं लागतं. चालताना तो आत हेलकावे खातो, लेन्सवर आपटतो, पट्ट्याची कडी त्याच्या अंगावर घासते. शिवाय रिकामी जागा माणसाला बघवत नाही. हळूहळू तिथे छत्री येते, चष्म्याचं घर येतं, बिस्किटाचा पुडा येतो आणि शेवटी पाण्याची बाटली येते. बाटलीचं झाकण ज्या दिवशी नीट लागलेलं नसतं, त्या दिवशी पिशवीची खरी किंमत कळते.

कोणी म्हणेल, लोखंडासारखा भक्कम कॅमेरा आहे, चार हिसके बसले तर बिघडलं काय? भक्कम आहे हे खरं. पण त्यातली फोकसची यंत्रणा बारीक कामाची असते. लेन्सच्या मागच्या कडेवर आतली एक छोटी चकती टेकलेली असते. लेन्स फिरली की चकती मागेपुढे होते आणि तिच्या तरफेनं खिडकीतली प्रतिमा सरकते. या साखळीत केसभर फरक पडला तरी खिडकीत दोन प्रतिमा जुळल्यासारख्या दिसतात, पण फोकस माणसाच्या डोळ्यांऐवजी कानावर गेलेला असतो. आपण लेन्समधून बघतच नसल्यामुळे हे त्या वेळी दिसायला मार्ग नाही. कळतं ते रोल धुऊन आल्यावर. तोवर बारसं होऊन गेलेलं असतं, आजी गावाला परत गेलेली असते. म्हणून या कॅमेऱ्याला आपटण्यापेक्षाही रोजच्या बारीक हिसक्यांपासून जपायचं, आणि ते काम पिशवीचं.

मग माप कसं घ्यायचं? शिंप्याकडे जाताना आपण जसं अंगावरचं माप देतो, तसंच. जे सामान नेहमी बरोबर न्यायचं, तेवढंच टेबलावर मांडा. 'कधीतरी लागेल' अशी वस्तू मांडू नका. कॅमेऱ्याला जी लेन्स एरवी लावलेली असते ती लावूनच माप घ्या. मी कॅमेरा लेन्स खाली करून ठेवण्याच्या बाजूचा आहे. मग त्याला लागणारी जागा १४ बाय ८ सेंटिमीटर आणि उंचीही साधारण ८च. पट्टा गुंडाळून वर ठेवला की उंची दोन-तीन सेंटिमीटर वाढते. शेजारी दुसऱ्या लेन्ससाठी सहा-सात सेंटिमीटर. म्हणजे आतून २२-२३ सेंटिमीटर लांब, ९-१० रुंद आणि १२-१३ उंच एवढी पिशवी झाली. शाळेच्या मुलाच्या डब्याच्या पिशवीहून फार मोठी नाही! लक्षात ठेवा, हे माप आतलं आहे. पिशवीवरच्या चिठ्ठीवर बहुधा बाहेरचं माप मोठ्या अक्षरांत असतं, आणि गादी जाड असेल तर दोन्हींत चांगला चार-पाच सेंटिमीटरचा फरक पडतो.

यात एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. लेन्स बदलताना हात दोन असतात आणि वस्तू तीन: कॅमेरा, काढलेली लेन्स आणि लावायची लेन्स. त्यामुळे पिशवीत एक कप्पा कायम मोकळा हवा. काढलेली लेन्स आधी त्यात सोडायची, मग दुसरी उचलायची. रेंजफाइंडरच्या लेन्स आखूड असल्यामुळे यासाठी पिशवी लांबवावी लागत नाही. लेन्सच्या कप्प्यात मधोमध एक मऊ पडदा आडवा घातला, की एकावर एक अशी दोन घरं होतात.

घट्टपणाचाही अतिरेक नको. लायकाच्या एम-६ या १९८४च्या कॅमेऱ्यात शटर ताणलेलं असताना बटण अर्धं दाबलं गेलं, की प्रकाश मोजणारं मीटर सुरू होतं. पिशवीचं झाकण त्या बटणावर टेकत राहिलं तर प्रवासातच सेल उतरतात. कॅमेरा आत ठेवताना शटरची चकती 'बी'वर नेली की मीटर बंद राहतं, पण मुळात वर बोटभर जागा सोडलेली बरी.

लेन्सच्या टोपीचाही पिशवीशी संबंध आहे. खिडकी वेगळी असल्यामुळे टोपी लावलेली असली तरी समोरचं सगळं छान दिसतं. माणूस हौसेनं छत्तीस फोटो काढतो आणि रोल कोरा निघतो. या कॅमेऱ्याच्या जगात हा विनोद फार जुना आहे. पण टोपी टाकून देऊनही चालत नाही. फिल्मच्या लायकात शटरचा पडदा रबर चढवलेल्या कापडाचा असतो आणि त्याच्यापुढे आरशाची आड नाही. उघडी लेन्स भर उन्हात सूर्याकडे तोंड करून राहिली, तर भिंगातून कागद जळावा तसं त्या पडद्याला भोक पडू शकतं. कॅमेरा पटकन आत सरकवता आणि पटकन बाहेर काढता येईल अशी पिशवी असली, की दोन फोटोंच्या मध्ये तो उन्हात लोंबकळत राहत नाही. टोपीचं निम्मं काम पिशवीच करते.

पटकन काढता येणं हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, असं मला वाटतं. लहान कॅमेरा घ्यायचा तो कशासाठी? रस्त्यावर, घरात, गर्दीत, कोणाच्या नजरेत न भरता फोटो घेता यावा म्हणून. फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ १९४७-४८ साली भारतात आले होते. गांधीजींच्या अंत्ययात्रेची त्यांची छायाचित्रं जगभर गेली. ते आपल्या लायकाचे चकाकणारे भागसुद्धा काळ्या पट्टीनं झाकत, कारण लोकांचं लक्ष कॅमेऱ्याकडे जायला नको. अशा कॅमेऱ्याची पिशवी उघडताना जर 'चर्रर्र' असा वेल्क्रोचा आवाज होणार असेल, तर काय उपयोग? गाण्याच्या मैफलीत तर आख्खी रांग वळून बघते. झाकणाला खटका असावा, नाहीतर साधा पट्टा. चेन असेल तर तिचे दात कॅमेऱ्याला घासणार नाहीत अशी आतून कापडाची पट्टी असावी.

गंमत म्हणजे छायाचित्रकारांना आवडलेल्या दोन प्रसिद्ध पिशव्या जाड गादीच्या नव्हत्याच. अमेरिकेतल्या 'फिलाडेल्फिया इन्क्वायरर' या दैनिकात जिम डॉम्की नावाचे छायाचित्रकार होते. मिळतात त्या पेट्यांसारख्या कडक पिशव्यांना कंटाळून त्यांनी १९७६ साली स्वतःला हवी तशी कॅनव्हासची पिशवी तयार करून घेतली. मऊ, अंगाबरोबर वळणारी, आतून पातळ कप्पे असलेली. खांद्याच्या पट्ट्यात रबराचे धागे विणलेले, म्हणजे तो घसरत नाही. सहकाऱ्यांनी मागितली आणि बघता बघता तिचा धंदा झाला. इंग्लंडची बिलिंगहॅम कंपनी तर १९७३ साली निघाली ती गळ टाकून मासे धरणाऱ्यांच्या पिशव्या शिवायला. पाच-सहा वर्षांनी कंपनीच्या लक्षात आलं, की न्यूयॉर्कमध्ये या पिशव्या मासेमारांपेक्षा फोटोग्राफरच जास्त नेताहेत. पाण्याकाठच्या वापरासाठी केलेली पिशवी पाऊस अडवणारच. तिथून कंपनी कॅमेऱ्याच्या पिशव्यांकडे वळली. दोन कापडांच्या मध्ये ब्युटाइल रबराचा थर ही त्यांच्या कापडाची खूण.

म्हणून दुकानात गादी दाबून पिशवीची परीक्षा करू नये. चार-पाच मिलिमीटरची दाट गादी पुरते. ती खाली आणि दोन बाजूंना असली म्हणजे झालं. जाड, भुसभुशीत फोम बघायला आश्वासक वाटतो, पण आतली जागा खातो, आणि दमट हवेत काही वर्षांनी त्याचा चिकट चुरा होऊ लागतो. जुन्या पिशवीत कॅमेऱ्यावर काळी पूड दिसली, तर ती बहुतेक हीच.

दुकानात जाताना आपलं सामान बरोबर न्यावं. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात काय किंवा आपल्या गावच्या दुकानात काय, चांगला दुकानदार नाही म्हणणार नाही. सगळं आत ठेवा आणि पिशवी कानाशी धरून हलकेच हलवा. डब्यातल्या लाडवांसारखा आवाज आला तर ती ठेवून द्या. मग आडवी गळ्यात घालून चार पावलं चाला, खाली वाका. वाकल्यावर पिशवी पुढे येऊन गुडघ्यावर आपटते का? एका हातानं उघडून, न बघता कॅमेरा बाहेर येतो का? आणि परत जातो का? परत ठेवणं हे काढण्यापेक्षा अवघड असतं. लोकलनं जाणाऱ्यांनी पिशवी पोटाशी धरूनही बघावी. हातभर पुढे आलेली पिशवी गर्दीत आपल्यालाच नको होते. रिकाम्या पिशवीचं वजनही बघा. सव्वा किलोच्या सामानाला दीड किलोची पिशवी म्हणजे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला.

शबनम पिशवीचं काय, असं कोणी विचारील. एका पिढीनं तिच्यात कवितांच्या वह्यांबरोबर कॅमेरेही वागवले. दिसायला ती बेमालूम, कोणाला संशय येत नाही, पण लोंबती असल्यामुळे प्रत्येक दाराच्या चौकटीवर आपटते. शबनमच वापरायची असेल, तर आत मऊ कप्प्यांचा वेगळा डबा घालावा. असे सुटे डबे मिळतात आणि कोणत्याही साध्या पिशवीत बसतात. वर कंपनीचं ठळक नाव असलेल्या पिशवीपेक्षा ही सोय मला जास्त पसंत आहे.

आता पावसाळा. जून ते सप्टेंबर कोकणात आणि मुंबईत कॅमेऱ्याचा मोठा शत्रू म्हणजे बुरशी. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात आणि वेळीच लक्ष दिलं नाही तर काचेवरचा थर कायमचा खराब करतात. ओली पिशवी, बंद झाकण, अंधार, महिनाभर कपाटात, म्हणजे बुरशीला निमंत्रणच. चामडं ओल धरून ठेवतं, त्यामुळे जुन्या कॅमेऱ्याबरोबर आलेलं चामड्याचं कव्हर कितीही देखणं असलं तरी त्यात कॅमेरा कायम ठेवू नये. पिशवी ही बाहेर न्यायची वस्तू आहे, घरात राहायची जागा नव्हे. घरी आल्यावर कॅमेरा बाहेर काढावा, पिशवी उलटी करून पंख्याखाली वाळवावी. कॅमेरा नि लेन्स घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवाव्यात. आर्द्रता मोजणारा छोटा काटा आत ठेवलात तर उत्तम. तो ४० ते ५०च्या दरम्यान असावा. जेलचे खडे रंग बदलले की मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. फक्त ते भांडं स्वयंपाकाला घेऊ नका.

आणि मापाची पिशवी बाजारात मिळालीच नाही तर? आपल्याकडे बॅगा शिवणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर अजून जवळपास प्रत्येक बाजारात आहेत. त्यांच्याकडे जाड कॅनव्हास, मऊ अस्तर आणि पातळ दाट फोम घेऊन जा. तोंडी मापं सांगू नका. कॅमेऱ्याच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका करा, लेन्ससाठी तेवढ्याच घेराची छोटी बरणी घ्या आणि ते त्यांच्यापुढे ठेवा. अस्तर फिक्या रंगाचं सांगा, म्हणजे काळी टोपी आणि काळा कॅमेरा अंधारात शोधावा लागत नाही. फिल्म वापरत असाल तर आत दोन खिसे मागा: डावीकडे कोरे रोल, उजवीकडे काढून झालेले. विमानप्रवास असेल, तर कोरे नि काढलेले असे सगळे रोल एका पारदर्शक पिशवीत वरच ठेवावेत, म्हणजे ते हातात देऊन तपासायची विनंती करता येते. हल्ली काही विमानतळांवर बसवलेल्या सीटी स्कॅनर यंत्रांतून गेलेली फिल्म खराब होऊ शकते. पट्टा मात्र रुंद, सुती विणीचाच घ्यायचा, आणि तो पिशवीला नुसता वर टाचून नव्हे, तर खालून वळसा घालून शिवायला सांगायचा. कारागीर म्हणतील, एवढ्याशा पिशवीला कशाला? तरी तसाच शिवून घ्या.