एकरंगी गोधडी

आमच्या विश्रांतवाडीत थंडी पडू लागली, की गोधड्यांना ऊन दाखवले जाते. फुलाफुलांच्या कापडात वाकडा टाका लपतो. एकरंगी तुकड्यांवर प्रत्येक धावदोरा उघडा पडतो. खरी परीक्षा तिथेच!

खाली-वर जुनी लुगडी, मध्ये चिंध्यांचे थर, आणि काठाकडून आत येत जाणारी शिवण, ही आपली जुनी रीत. गीता खंडेलवाल यांनी तर २०१३ साली महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर ग्रंथच काढला. नवे सुती कापड धुतल्यावर आटते. म्हणून ते आधी भिजवून वाळवावे. लाल तुकड्याचा रंग ओल्या फडक्यावर पारखावा.

आता साड्या बहुधा कृत्रिम धाग्याच्या. त्यांना घाम टिपता येत नाही. तेव्हा आजीचे सुती लुगडे उरले असेल, तर पातेल्याच्या मोहाने बोहारणीला देऊ नका!